भागीदार साइट शोधायच्या तर: ‘सारख्या साइट’ सुचवणारं साधन बरं की शेजाऱ्याचे दुवे?

गोव्यात कुळागर (सुपारी-मसाल्यांची बाग), होमस्टे, काजूचा छोटा कारखाना किंवा मसाल्यांचं दुकान चालवणाऱ्याला साइट बनवून देणारे आता पुष्कळ भेटतात. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो. आपलं नाव कुणाच्या साइटवर यायला हवं आणि ती माणसं शोधायची कुठं? जाहिरातीवर खर्च करायचा नाही असं ठरवलं, तर मोफत साधनांचे दोन रस्ते उरतात. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरात होमस्टे आहे, त्यासाठी मी दोन्ही वापरून पाहिले.

पहिल्या रस्त्यात साइटचा पत्ता टाकायचा आणि साधन तिच्यासारख्या साइटची यादी देतं. दुसऱ्यात आपल्यासारखाच व्यवसाय करणाऱ्या कुणाची तरी साइट घ्यायची, तिला कुणी कुणी दुवा (लिंक) दिलाय ते काढायचं आणि जोडीला गूगलवर नेटका शोध घ्यायचा.

आधी एक सांगतो, कारण नेटवरचे बरेच सल्ले शिळे झालेत. सारख्या साइट दाखवणारी अ‍ॅलेक्सा ही जुनी सेवा अ‍ॅमेझॉनने १ मे २०२२ रोजी बंद केली. गूगलवर ‘रिलेटेड’ लिहून पुढे पत्ता टाकायची युक्तीही २०२३ मध्ये संपली. कुणी आजही ते करायला सांगत असेल, तर तो सल्ला तिथंच सोडा.

पहिल्या रस्त्याचा मोह मला कळतो. पाच मिनिटांत यादी हातात येते, डोकं चालवावं लागत नाही. पण अशी बहुतेक साधनं साम्य ठरवतात ते लोकांच्या वावरावरून. ही साइट पाहणारे लोक आणखी कुठं जातात, याचा अंदाज ती काही वापरकर्त्यांच्या नमुन्यावरून बांधतात. ज्या साइटवर मुळात वर्दळच कमी, तिच्याबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं फार काही नसतं.

माझं मत इथंच फिरलं. मी वापरलेल्या साधनाचं नाव घेत नाही, कारण अडचण त्या एकट्याची नाही, त्या जातीचीच आहे. आमच्या साइटचा पत्ता टाकला, तर ‘पुरेशी माहिती उपलब्ध नाही’. शेजारच्या गावातल्या कुळागराचा टाकला, तरी तेच. मग जरा मोठ्या, चांगल्या चालणाऱ्या निसर्ग-निवासाचा टाकला. यादी आली, पण तिच्यात होतं काय? हॉटेल बुकिंगच्या बड्या कंपन्या, विमान तिकिटांच्या साइट, किनाऱ्यावरच्या पार्ट्या, कॅसिनो. गोव्याच्या नावाने होणारी गर्दी समुद्राकडे वळते, तसं साधनही तिकडंच वळतं. आमच्याकडे येणारा पाहुणा राजधनेश पक्षी बघायला पहाटे उठतो, नाहीतर पावसात चोर्ला घाट ओलांडून येतो. त्याची खूण त्या यादीत कुठंच नव्हती. शिवाय बड्या कंपन्यांशी भागीदारी करायची म्हणजे कमिशनच्या अटींवर सही करायची. ज्याला फोन करून ‘अहो, आमच्याकडे एकदा या’ म्हणता येईल, असा माणूस तिथं मिळत नाही. आम्हाला छोट्या साइट हव्या होत्या, आणि हे साधन आंधळं होतं ते नेमकं छोट्यांच्याच बाबतीत. कदाचित तुमचा अनुभव वेगळा असेल, पण मला त्यावर उपाय सापडला नाही.

दुसरा रस्ता सावकाश चालायचा आहे. बिंग वेबमास्टर टूल्सवर (साइटमालकांसाठी बिंगचं मोफत साधन) साइट आपलीच असल्याचं एकदा पडताळून घ्यायचं. गूगलच्या अशाच सर्च कन्सोलवर ती आधीपासून असेल, तर तिथून थेट आणता येते. मग बॅकलिंक्सच्या, म्हणजे साइटकडे येणाऱ्या दुव्यांच्या, भागात ‘सिमिलर साइट्स’ म्हणून कप्पा आहे, त्यात दुसऱ्याची साइट टाकली की तिला आणि आपल्याला दुवे देणाऱ्या साइट शेजारी शेजारी दिसतात. गूगल सर्च कन्सोल दुवे दाखवतं ते फक्त आपल्या स्वतःच्या साइटचे, म्हणून इथं बिंगची मदत होते. अहरेफ्स (Ahrefs) या कंपनीचं दुवे तपासायचं मोफत पानही आहे. ते सगळं दाखवत नाही, पण सुरुवातीला पुरतं.

मी त्याच शेजारच्या कुळागराची साइट टाकली, जिच्याबद्दल पहिलं साधन गप्प होतं. यादी लहानच आली, पण वाचण्यासारखी. बेळगावच्या सायकलस्वारांच्या एका गटाने चोर्लामार्गे केलेल्या सफरीचं वर्णन होतं, खाली ‘मुक्काम कुठं केला’ असा परिच्छेद. फुलपाखरांचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थांची म्हादई अभयारण्यातली रोजनिशी होती. कोल्हापूरकडच्या एका निसर्गशिबिराचं पान होतं. आणि एक पाककृतींची साइट, जिथं भिरंडाच्या (कोकमाच्या) सोलांची कढी लिहिताना सोलं कुठून आणली ते प्रेमाने सांगितलं होतं. ही शेवटची साइट माझ्या डोक्यात कधीच आली नसती. आम्ही स्वतःला राहण्याची जागा समजत होतो, पण आमच्याकडे भिरंडं, जायफळ, मिरी हे सगळं आहे आणि त्याबद्दल लिहिणारे लोक वेगळेच आहेत.

मला या रस्त्यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही: ज्याने आपल्यासारख्याला एकदा दुवा दिलाय, तो दुवा देणारा माणूस आहे हे आधीच सिद्ध झालेलं असतं. सारखेपणाच्या यादीत बहुतेक आपले स्पर्धक असतात, आणि स्पर्धक आपलं नाव कशाला छापेल? दुव्यांच्या यादीत स्पर्धकाचे स्नेही सापडतात. स्थळाची चौकशी आपण त्या घरी ऊठबस असणाऱ्यांकडेच करतो, तसंच हे.

जोडीच्या गूगल शोधात दोन सवयी लावून घ्या. नेमके शब्द अवतरणचिन्हांत टाका आणि नको ते वजा करा. कॅसिनो, फ्लाइट, बीच हे शब्द वजा केले की आतल्या गोव्याबद्दल लिहिणारी पानं वर येऊ लागतात. दुसरं म्हणजे गावाचं नाव सगळ्या रूपांत शोधा. आपल्याकडे रोमन लिपीतली सरकारी नावं पोर्तुगीज वळणाची आहेत. डिचोली, म्हापसा, चोडण ही नावं लोक उच्चारतात एक, पाटीवर वाचतात दुसरं आणि लिहितात तिसरं. देवनागरीत शोधलं की पुण्या-कोल्हापूरच्या भटक्यांचे मराठी ब्लॉग दिसतात, सरकारी स्पेलिंगने शोधलं की इंग्रजीतले पक्षीनिरीक्षक. ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि आम्हाला दोन्ही हवी होती.

साइट सापडली की ती जिवंत आहे का बघा. शेवटची नोंद कधीची, प्रतिक्रियांना उत्तरं मिळतात का, संपर्काचं पान चालतं का. पत्र लिहिताना ‘दुव्याला दुवा’ असा सौदा मांडू नका. भरमसाट अदलाबदलीकडे गूगल वाईट नजरेने पाहतं. पैसे किंवा फुकट मुक्काम देऊन दुवा घेतला, तर तो ‘स्पॉन्सर्ड’ म्हणून दाखवावा लागतो, ती खूण गूगलने २०१९ मध्ये आणली. त्यापेक्षा त्यांच्या वाचकाला उपयोगी पडेल असं काहीतरी द्या. आम्ही फुलपाखरांच्या त्या गृहस्थांना कुळागरात कोणत्या महिन्यात काय दिसतं याची यादी पाठवली. त्यांनी ती आमच्या नावासकट छापली, आणि त्यानंतर आलेले पाहुणे यादी मोबाइलवर उघडूनच फिरताना दिसले.

मग पहिला रस्ता कुणी घ्यावा? कळंगुट-कांदोळीकडे मोठं हॉटेल असेल, साइटवर परदेशी पाहुण्यांची भरपूर वर्दळ असेल, तर ते साधन आधी वापरा. तिथं त्याचे अंदाज बरे येत असावेत, आणि आपला पाहुणा कोणत्या बड्या साइटवरून निसटतो हे कळणंही कामाचंच. एखादा नवा बाजार चाचपायचा असला, तरीही त्यावर नजर टाकायला हरकत नाही. पण डोंगराकडच्या तालुक्यात चार-सहा खोल्या असतील, तर मी शेजाऱ्याच्या दुव्यांपासूनच सुरुवात करा म्हणेन.

आणि सुरुवात उन्हाळ्यात करा. पावसाळी भटकंतीचे बेत घाटावरची मंडळी मे महिन्यातच आखतात. जूनमध्ये पाठवलेल्या पत्राला उत्तर गोड येतं, पण त्यांची मुक्कामाची जागा तोवर ठरलेली असते.