डेड झोन की बायपास: सीएसटीआरचं जास्त नुकसान कशानं?

सीएसटीआर म्हणजे सतत ढवळली जाणारी अभिक्रियेची टाकी; एकीकडून द्रव आत येत राहतो, दुसरीकडून बाहेर जात राहतो. समजा, फर्स्ट ऑर्डर अभिक्रिया (वेग उरलेल्या कच्च्या मालाच्या प्रमाणात), तिचा वेग-स्थिरांक ताशी 4, द्रवाचा टाकीत राहण्याचा सरासरी काळ 60 मिनिटं. मिक्सिंग परिपूर्ण असेल तर रूपांतर (कच्च्या मालाचा अभिक्रिया झालेला वाटा) 80 टक्के.

आता 20 टक्के आकारमान डेड झोनमध्ये (द्रव साचून राहतो, ढवळलाच जात नाही अशा भागात) गेलं, तर रूपांतर 76 टक्क्यांवर येतं. त्याऐवजी बायपास झाला, म्हणजे 20 टक्के फीड (आत येणारा द्रव) न मिसळता थेट आउटलेटला निसटलं, तर थेट 67 टक्के! शिवाय बायपास असेल तर टाकी कितीही मोठी करा, 80 टक्क्यांच्या वर जाताच येत नाही. म्हणून आधी बायपासच शोधावा.

ओळखायचं कसं? इनलेटला मिठाचं द्रावण झटक्यात सोडा, आउटलेटला कंडक्टिव्हिटी मीटर लावा. डेड झोन असेल तर मिठाचा टाकीत राहण्याचा सरासरी काळ 60 ऐवजी 48 मिनिटं भरतो. बायपासमध्ये मीटर सुरुवातीलाच टोकदार उसळी दाखवतो, पण सरासरी 60च येते; नुसती सरासरी पाहणारा इथे हमखास फसतो. (उसळी काही सेकंदांचीच असते, त्यामुळे नोंदी सुरुवातीला दाट घ्याव्यात.)

बायपासवर उपाय स्वस्त: डिप पाइपनं (द्रवात खोल बुडवलेल्या नळीनं) फीड इम्पेलरजवळ (ढवळणाऱ्या पात्यांजवळ) सोडा, आउटलेट लांब ठेवा. डेड झोनसाठी मात्र बॅफलमागचे (टाकीच्या भिंतीवरच्या आडपट्ट्यांमागचे) कोपरे, तळाचा गाळ, झिजलेली पाती, सगळंच तपासावं लागतं.