मनात म्हणावं की कानानं ऐकावं?

भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करते. रोज नागपूरच्या लोकमान्य नगरहून मेट्रोनं सीताबर्डीच्या अभ्यासिकेत जाते. परवा तिनं विचारलं, "मामा, नोट्स रेकॉर्ड करून ऐकत जाऊ, की मनातल्या मनात म्हणत जाऊ? सांगा ना."

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ऐकलेला शब्द बाहेरून येतो. तो कानातून मेंदूच्या श्रवणकेंद्रात जातो आणि तिथून पुढे त्याचा अर्थ लागतो. मनातला शब्द उलट्या टोकानं निघतो. मेंदूच्या पुढच्या भागात, बहुतेकांच्या डाव्या बाजूला, ओठ-जिभेच्या हालचालीची आखणी होते. तोंड मात्र हलत नाही. त्या आखणीची एक प्रत श्रवणकेंद्राकडे जाते, 'हा आवाज येतोय' अशी वर्दी द्यायला, असं मानलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे तपासून पाहिलं. लोक एखादा उच्चार मनात करत असताना नेमका तोच आवाज ऐकवला, तर मेंदूचा प्रतिसाद कमी झाला, जणू वर्दी आधीच पोचली होती. दुसरा आवाज ऐकवला, तर तसा कमी झाला नाही. म्हणजे मनातलं बोलणं नुसता भास नाही, त्यात बोलण्याची खरी मेहनत आहे.

करून पाहा. एखादा अनोळखी मोबाइल नंबर वाचा आणि तोंडानं 'राम राम राम' म्हणत तो लक्षात ठेवा. पाच-सहा आकड्यांनंतर घसरायला होतं, कारण ज्या यंत्रणेनं आपण नंबर मनात घोळवतो, तीच आपण 'राम राम'ला जुंपलेली असते.

आता नागपूरच्या मे महिन्याचं बघा. कूलरच्या घरघरीत रेकॉर्डिंगचे निम्मे शब्द बुडतात. मनातल्या उजळणीला ती एकसुरी घरघर फारशी आड येत नाही. पण शेजारच्या टेबलावर कुणी फोनवर बोलू लागलं की मनातली साखळी तुटते, कारण माणसाचं बोलणं आपल्या इच्छेविना त्याच जागेत घुसतं. अभ्यासिकेत मोबाइलवर बोलू देत नाहीत, ते अगदी योग्य आहे.

नवा विषय असेल, तर मी ऐकण्याच्या बाजूनं. समजावणाऱ्याच्या आवाजातले चढउतार आणि थांबे अर्थ लावून देतात, मनातल्या आवाजाला ते आधी ठाऊक नसतात. पण तीच फाइल चौथ्यांदा ऐकताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं नव्हे. पेपरात कुणी ऐकवत नाही, आपल्यालाच काढावं लागतं.

तिसरा मार्गही आहे, मोठ्यानं वाचण्याचा. कॅनडातल्या एका प्रयोगात शब्द लक्षात राहण्यात स्वतः मोठ्यानं वाचणं पहिलं आलं. त्यामागे स्वतःच्याच आवाजातलं रेकॉर्डिंग, मग दुसऱ्याचा आवाज, आणि गुपचूप वाचणं शेवटी. मात्र गुपचूप वाचणं आणि पुस्तक मिटून आठवून मनात म्हणणं यांत गल्लत करू नये. आठवून म्हणण्याला मी फार वरचं मानतो.

म्हणून भाचीला सांगितलं: जाताना ऐक, तेही तुझ्याच आवाजातलं. येताना इअरफोन पिशवीत टाक आणि झाशी राणी चौकापासून तोच धडा स्वतःच्या शब्दांत मनात म्हणत ये. सुभाषनगर स्टेशन येईपर्यंत जिथं अडशील, तेवढंच घरी वही उघडून मोठ्यानं वाच.