तालुक्याचा खरेदी-विक्री संघ: दुकान, काटा आणि कर्मचारी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी बाजार समितीला लागून शेतकऱ्यांच्या सहकारी खरेदी-विक्री संघाचे दुकान आणि गोदाम आहे. आमच्या घरचे खत-बियाणे तेथूनच येते आणि तूरही त्याच काट्यावर जाते.

1972 मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना, म्हणजे कापूस फक्त शासनाच्या यंत्रणेलाच विकण्याची पद्धत, सुरू झाली आणि पुढची सुमारे तीस वर्षे असे संघ म्हणजे वऱ्हाडातील शेतकऱ्याची बाजारपेठच होती. दिवाळीनंतर बैलबंड्यांच्या रांगा लागत, ग्रेडर कापूस मुठीत घेऊन धागा ओढून पाहत, आणि त्यांनी लिहिलेल्या प्रतीवर त्या घरचे वर्षभराचे गणित ठरत असे. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, रखडतो ही तक्रार तेव्हाही होती व ती रास्त होती. परंतु मापारी खोटे माप करीत नाही, हा विश्वास वडिलांच्या पिढीला होता. योजना संपल्यावर कापूस खाजगी जिनिंगकडे आणि सीसीआयकडे (केंद्राच्या भारतीय कापूस महामंडळाकडे) वळला. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि कापड व किराण्याचे विभाग नावापुरते उरले. किराण्यासाठी तेथे जाण्यात आज काही अर्थ नाही.

खताच्या बाबतीत मात्र हे दुकान मी निःसंकोचपणे सुचवीन. युरियाची 45 किलोची गोणी छापील 266 रुपये 50 पैशांनाच मिळते आणि तिच्यासोबत नको असलेले सूक्ष्म अन्नद्रव्य किंवा टॉनिक गळ्यात मारले जात नाही. ऐन पेरणीत लिंकिंगचा, म्हणजे अशा सक्तीच्या जोडविक्रीचा, जाच ज्याने सोसला आहे, त्याला याचे मोल सांगायला नको. बियाण्याच्या पक्क्या बिलावर लॉट नंबर न चुकता लिहिला जातो. उगवण झाली नाही तर तालुका तक्रार निवारण समितीपुढे तेच बिल, पिशवी आणि टॅग कामी येतात.

या सगळ्याचे श्रेय मी तेथील सेल्समनला देतो. खतविक्री आधार पडताळणाऱ्या पॉस मशीनवर आल्यापासून अंगठा जुळणे ही मोठी अडचण झाली आहे. कापूस वेचून आणि निंदण करून रेषा झिजलेल्या एका आजीचा अंगठा मशीन घेत नव्हते, तेव्हा त्यांनी ओल्या फडक्याने बोटे पुसून दिली, एकेक बोट लावून पाहिले आणि रांग खोळंबली असतानाही "बसा माय, होते आता" एवढेच म्हणाले. चौथ्या बोटाला पावती निघाली.

हमीभावाच्या खरेदीत उणिवा आहेत. बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपला की काटा बंद पडतो आणि माल आणण्याचा संदेश येऊनही माल ट्रॉलीतच राहतो. 2024 मध्ये केंद्राने सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली, तेव्हा मोजणीसाठी प्रशिक्षित माणूस एकच असल्याने गर्दी आवरली नाही. संचालक मंडळाने इमारतीच्या रंगरंगोटीआधी ग्रेडर आणि मापारी यांच्या कायम जागा भराव्यात, असे एक सभासद म्हणून माझे स्पष्ट मत आहे. हंगामी मुलांना आर्द्रतामापक हाती देऊन दोन महिन्यांनी घरी पाठविल्याने कामाची जाण कोणातच रुजत नाही.

तूर हमीभावाने विकायची असल्यास सातबारा, पीकपेरा, आधार आणि पासबुक घेऊन नोंदणी सुरू होताच जावे, आणि माल घरीच चाळून न्यावा.