58 सीसीचा बिनब्रँड चेनसॉ अन् त्याचा पिस्टन किट, घ्यावा का?

सरळ सांगतो भाऊ, पाच-सहा हजारात ऑनलाइन जो 58 सीसीवाला चेनसॉ मिळते ना, स्टिकर कोणतंही असो आतलं इंजिन जवळपास सेमच, तो ज्याला स्वतः पाना धरता येते त्यानेच घ्यावा. पेट्रोल टाकलं, दोरी ओढली अन् लाकूड कापलं एवढंच पाहिजे असेल तर पैसे साठवून हुस्कवर्ना वगैरे ब्रँडचा घ्या, डोक्याला ताप नाही.

माझ्याकडचा पीस नागपूरजवळ काटोलकडे मामेभावाच्या संत्र्याच्या बागेत होता, तिथून सीझ होऊनच आला, म्हणजे पिस्टन आत अडकून जाम. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारला तर पिस्टनवर उभ्या रेघाच रेघा. मग 45.2 मिमीचा पिस्टन-सिलेंडर किट मागवला, रिंग, गजन पिन (पिस्टन जोडायची), सर्कलिप (ती पिन अडवायची क्लिप), गॅस्केट सगळं धरून हजाराच्या आसपास. या भावात एवढं मिळते म्हणजे कुठंतरी काटकसर असणारच, अन् ती नेमकी कुठं आहे हेच सांगायसाठी लिहून राहिलो.

सिलेंडरचं कास्टिंग ठीक, आतलं प्लेटिंग पण बोट फिरवलं तर गुळगुळीत. पण पोर्टच्या, म्हणजे सिलेंडरमधल्या हवा-धुराच्या भोकांच्या, कडा! ब्लेडसारख्या धारदार. तसाच बसवला तर रिंग तिथं अडकून तुटू शकते, म्हणून बारीक पॉलिश पेपरने कडा हलक्या हाताने मारून घ्या, नंतर साबणाच्या पाण्याने धुवून पुसून ऑइल लावा. सर्कलिप तर एकदम नरम, जुन्या चांगल्या असतील तरी त्या परत वापरू नका, नागपुरात गांधीबागेत नाहीतर कॉटन मार्केटकडे स्पेअरच्या दुकानात चांगल्या मागा, दहा-वीस रुपयाचा विषय आहे. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगचं तोंड (तिची फट) पिस्टनच्या खाचेतल्या बारीक पिनवर, हे तर माहीतच असेल.

कागदी गॅस्केट त्याहून बेकार, पातळ अन् भोकं तिरपी. कार्बोरेटर अन् सिलेंडरच्या मधात जी इनटेकची जोडणी आहे तिथं एक छोटंसं इम्पल्सचं भोक असते, क्रँककेसचा दाब तिथूनच कार्बोरेटरच्या पंपाले जाते. गॅस्केट जरा सरकून ते भोक झाकलं गेलं तर दोरी ओढून ओढून खांदा उतरेल पण पेट्रोल काही वर चढणार नाही. अन् तिथूनच हवा लीक झाली तर मिश्रण पातळ पडते (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडल म्हणजे रेस न देता चालणारा वेग चढलेलाच राहते, अन् नवीन पिस्टनची पण मग तीच गत. चालू इंजिनवर या जॉइंटवर कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारायचा, गरम सायलेन्सरपासून लांब, आवाज बदलला की लीक आहे समजा. ऑइल सील पण पाहून घ्या, क्लच काढायचा असेल तर त्याचे आटे उलटे आहेत, नेहमीसारखा फिरवाल तर अजून आवळेल. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी सोडायची, लोखंडी सळी नाही.

आता ट्युनिंग, खरी मजा इथं. कार्बोरेटरवरचे एल (कमी रेसचं पेट्रोल) अन् एच (फुल रेसचं पेट्रोल) दोन्ही स्क्रू हलके बंद करून साधारण सव्वा-सव्वा फेरा उघडायचे, इंजिन गरम होऊ द्यायचं. आधी एल, रेस दिली की अडखळता कामा नये. मग आयडलचा स्क्रू, चेन फिरायची थांबली पाहिजे. एच शेवटी. फुल रेसवर लाकडाबाहेर आवाज थोडा फाटका, बडबड केल्यासारखा यायला पाहिजे अन् लाकडात घातला की साफ व्हायला पाहिजे. लोकं काय करतात, बाहेरच एकदम किंचाळेपर्यंत एच आवळतात, ऐकायला लय भारी वाटते, पण पेट्रोल कमी म्हणजे त्याच्यात मिसळलेलं ऑइल पण कमी, अन् गरमी वाढते ती वेगळीच.

आपल्या नागपुरात अजून एक भानगड आहे. मे महिन्यात 45 डिग्रीत सेट केलेला सॉ डिसेंबरच्या सकाळी तसाच चालवू नका. थंड हवा घट्ट असते, तेवढ्याच पेट्रोलले हवा जास्त मिळते, म्हणजे मिश्रण आपोआप पातळ झालं. एच थोडा उघडून परत आवाज ऐकायचा. बागेतली तोड थंडीतच निघते अन् सॉ पण तेव्हाच सीझ होतात, हा योगायोग नाही बावा.

पेट्रोलमध्ये ऑइल मी 25:1 टाकतो, म्हणजे लिटरमागे 40 मिली, चांगल्या कंपनीचं टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल). धूर थोडा जास्त येते, येऊ दे. पंपावर आता ई20 (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे, इथेनॉल पाणी ओढते अन् कार्बोरेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) कडक होते, म्हणून काम झालं की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं.

सोबत येणारा 22 इंची बार (चेन ज्याच्यावर फिरते ती पट्टी) मला आवडला नाही, या इंजिनाले तो जड जाते. 18 इंची बार अन् 72 लिंकची .325 इंच पिचची चेन लावली तर बाभळीत पण दम टिकते. चेनले धार लावायची कानस 4.8 मिमीची, सॉसोबत आलेली नाही, वेगळी घ्या. चेन ब्रेक मात्र पहिल्याच दिवशी तपासा, माझ्या पीसमधला पट्टा पकडतच नव्हता, बदलावा लागला.

किटले पाचपैकी साडेतीन, अख्ख्या सॉले अडीच. वादळात पडलेलं झाड तुकडे करायला मस्त आहे, उभं झाड तोडायचं असेल तर आधी मनपाच्या उद्यान विभागाची परवानगी काढा.