ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे स्लिपिंग शोधताना स्कॅनरचा खरा उपयोग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी गाडी जुनी घेतलेली, सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनाची आणि मागच्या चाकांवर चालणारी सेडान आहे. तिच्यात झेडएफ कंपनीचा आठ गिअरांचा ८एचपी हा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) असलेला गिअरबॉक्स आहे. वाईहून पाचगणीकडे पसरणी घाट चढताना, वळणातून बाहेर पडून ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम एकदम वर जात आणि गाडी मात्र त्या प्रमाणात ओढत नसे. क्षणभराने झटका बसून पकड येई. गिअरबॉक्सच्या अशा घसरण्यालाच स्लिपिंग म्हणतात. सकाळी गाडी थंड असताना डी मध्ये टाकल्यावरही पकड येण्यास उशीर लागू लागला. ज्या वर्कशॉपने पूर्वी गिअरबॉक्सचे तेल बदलले होते, त्यांनी एक फेरी मारून ‘क्लच गेले, पूर्ण गिअरबॉक्स बदला’ असा निर्णय दिला. ते अंदाजपत्रक पाहिल्यावर मी ब्लूटूथवर चालणारा आणि गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत, म्हणजे त्याच्या संगणकापर्यंत, पोहोचणारा स्कॅनर घेतला.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बाजारातील स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनाचे सर्वसाधारण कोडच वाचतात, आणि स्लिपिंगच्या तपासात त्यांचा जवळजवळ उपयोग होत नाही. आपल्याला एकाच वेळी इंजिनाचे आरपीएम, टर्बाइनचे (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडील चाकाचे) आरपीएम, आउटपुट शाफ्टचे (गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याचे) आरपीएम, चालू गिअर आणि तेलाचे तापमान नोंदवता आले पाहिजे. यापेक्षा जास्त गोष्टी निवडल्या की नोंदींचा वेग इतका मंदावतो की अर्ध्या सेकंदाची घसरण त्यात सापडतच नाही.

या आकड्यांतून जे कळते ते नुसत्या अनुभवी कानाला कळत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. इंजिन आणि टर्बाइन यांच्या आरपीएममध्ये फरक असेल तर तो टॉर्क कन्व्हर्टरमधला असतो, आणि लॉक-अप क्लच (कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा क्लच) उघडा असताना तो असणे स्वाभाविकच आहे. अनेकांना जे स्लिपिंग वाटते ते प्रत्यक्षात हेच असते. टर्बाइन आणि आउटपुट यांचे गुणोत्तर मात्र गिअर पूर्ण लागल्यावर ढळता कामा नये. या गिअरबॉक्सचा सहावा गिअर १:१ आहे, म्हणजे तेथे दोन्ही आकडे सारखेच दिसले पाहिजेत. पाचव्याचे गुणोत्तर १.२८५ आहे, त्यामुळे आउटपुट २००० असेल तर टर्बाइन २५७० च्या आसपास असला पाहिजे. गिअर बदलतानाचा क्षण वगळून हे गुणोत्तर बिघडत असेल, तरच गिअरबॉक्सच्या आत काहीतरी घसरत आहे असे म्हणता येते.

माझ्या नोंदींत घाटातील दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये ते खरोखरच बिघडत होते. येथे ८एचपीची रचना मदतीला येते. त्यात ए आणि बी हे दोन ब्रेक (चाकांचे नव्हे, गिअरबॉक्सच्या आतले) आणि सी, डी, ई हे तीन क्लच आहेत, आणि प्रत्येक गिअरमध्ये पाचांपैकी तीन लागलेले असतात. दुसऱ्यात ए-बी-ई, तिसऱ्यात बी-सी-ई, चौथ्यात बी-डी-ई, पाचव्यात बी-सी-डी आणि सहाव्यात सी-डी-ई. घसरणाऱ्या तिन्ही गिअरांत बी आणि ई समान असल्याने संशय त्यांच्यावर जातो. परंतु सपाट, सरळ रस्त्यावर त्याच गिअरांत पूर्ण ताकद मागितली, तेव्हा गुणोत्तर जागचे हलले नाही. पाचवा आणि सहावाही निर्दोष होते. झिजलेली क्लच प्लेट चढण आणि वळण पाहून घसरत नाही, तिच्यावर भार आला की ती घसरते. घसरण चढणीवर, वळणावर आणि थंड तेलात होत असेल तर दाबाचा, म्हणजे पंपापर्यंत पोहोचणाऱ्या तेलाचा विचार आधी करावा लागतो. ॲडॅप्टेशनमधील, म्हणजे कंट्रोल युनिटने वापरातून शिकून जुळवलेल्या नोंदींतील, क्लच तेलाने भरण्याचे आकडेही टोकाला गेलेले नव्हते. (हे आकडे पाहण्यापूर्वी ॲडॅप्टेशन रीसेट करू देऊ नका, पुरावाच पुसला जातो.)

दुसऱ्या, लहानशा गॅरेजमध्ये लिफ्टवर गाडी समतल ठेवून पातळी तपासली तेव्हा तेल स्पष्टपणे कमी निघाले. मेकॅट्रॉनिकच्या (गिअरबॉक्सच्या आतील नियंत्रण भागाच्या) कनेक्टरभोवतीच्या स्लीव्हचे रबर वयाने कडक होऊन तेथून थोडी गळती होती, पण मोठा वाटा मागच्या वेळी तेल कमी भरल्याचा असावा. पातळी इंजिन चालू ठेवून, सर्व गिअर एकदा लावून, साधारण ३० ते ५० अंश सेल्सिअसदरम्यान तपासायची असते; नेमकी मर्यादा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावी. गाडी चालवून आणून गरम तेलातच झाकण उघडले, तर फुगलेले तेल बाहेर ओघळते आणि कमी असूनही पुरेसे वाटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सहज घडते, म्हणून तापमान स्कॅनरवर स्वतः पाहण्याचा आग्रह मी धरला. पॅनमधील (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलपात्रातील) चुंबकांवर बारीक करडा गाळ होता, जो सामान्य आहे; चकचकीत कण नव्हते. फिल्टर पॅनमध्येच असल्याने पॅन, स्लीव्ह आणि तेल एकत्र बदलले. कार उत्पादक ‘आयुष्यभराचे तेल’ म्हणत असले, तरी झेडएफ स्वतः वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदलण्याची शिफारस करते, हे जुनी गाडी घेणाऱ्याने लक्षात ठेवावे.

त्यानंतर घाटातल्या नोंदींत टर्बाइन आणि आउटपुटच्या रेषा गिअर बदलण्याचे क्षण सोडून एकमेकींना धरून राहतात, आणि सकाळची दिरंगाईही गेली आहे.

स्कॅनरच्या त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. ब्लूटूथ अधूनमधून तुटते आणि नोंद मध्येच थांबते. पोर्टमध्ये तो कायम लावून ठेवल्यास बॅटरी उतरते. सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे तो तेलाची पातळी मोजू शकत नाही. त्यासाठी लिफ्ट आणि हात काळे करणारा मेकॅनिकच लागतो. आकडे चालवताना पाहू नयेत, नोंद चालू ठेवून घरी वाचावेत. ज्यांना गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाला आहे, त्यांनी होकार देण्यापूर्वी टर्बाइन आणि आउटपुटची नोंद चढणीवर व सपाटीवर वेगवेगळी काढून मेकॅनिकसमोर ठेवावी, आणि पातळी योग्य तापमानाला तपासून घ्यावी.