भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम: पेंग्विन नंतर बघा, आधी इकडे वळा

सगळ्यात आधी कामाची गोष्ट, बुधवारी जाऊ नका. बुधवारी राणीबाग (म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, पेंग्विन तिथलेच) बंद आणि म्युझियमही बंद, तरी गेटवर कुणी ना कुणी पोरांना कडेवर घेऊन वॉचमनशी हुज्जत घालत असतंच. बाकीच्या दिवशी जा, आणि शक्यतो सकाळी जा, कारण दुपारनंतर प्राणी बघून दमलेली पब्लिक एसी आणि पंख्याच्या शोधात इकडे घुसते आणि मग नीट काही बघता येत नाही.

राणीबागेत आख्खी मुंबई जाते पण गेटाला लागून असलेली ती खांबांची पिवळसर इमारत काय आहे हे विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, आमच्याच बिल्डिंगमध्ये विचारून बघितलंय, एका काकांनी छातीठोक सांगितलं की पालिकेचं ऑफिस आहे. तसं अगदीच चूक नाही म्हणा, म्युझियम पालिकेचंच आहे. मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं, तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, १९७५ ला ते बदलून डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं. हे भाऊ दाजी म्हणजे भन्नाट माणूस, मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या बॅचचे डॉक्टर, एकीकडे कुष्ठरोगावर औषध शोधतायत, दुसरीकडे जुने शिलालेख वाचतायत, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले, आणि हे म्युझियम उभं राहावं म्हणून नाना शंकरशेटांबरोबर लोकांकडून वर्गणी गोळा करत फिरले. म्हणजे नाव राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं, पण पैसे आपल्या शेटजींचे, पारशांचे, ज्यूंचे. त्यामुळे १९७५ ला जे नाव बदललं ते उगाच बदललं असं मला तरी वाटत नाही.

आता दुरुस्तीबद्दल, कारण खरं सांगायचं तर मला हे म्युझियम आवडतं ते मुख्यतः त्यासाठीच. इमारतीची पार दुर्दशा झालेली, मग २००३ मध्ये पालिका, इंटॅक (वारसा जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन असे तिघं एकत्र आले, करार झाला, आणि चारेक वर्षं काम चाललं. संवर्धनाचे आर्किटेक्ट विकास दिलावरी. २००५ ला युनेस्कोचं आशिया-पॅसिफिकचं अवॉर्ड ऑफ एक्सलन्स मिळालं आणि २००८ च्या जानेवारीत दरवाजे परत उघडले. आपल्याकडे जुन्या वास्तूची दुरुस्ती म्हणजे काय असते माहितेय ना, ग्रॅनाइट बसवायचा, वर ऑइलपेंट मारायचा, फॉल्स सीलिंग ठोकायचं आणि कोनशिलेवर नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्यांची नावं टाकायची. इथे तसलं काही केलेलं नाही. रंगाचे थर खरवडून खालचा मूळ रंग कुठला होता ते शोधलं, छतावरची नक्षी परत रंगवली, ओतीव लोखंडाच्या खांबांवर सोन्याचा मुलामा परत चढवला, आणि फरशी ती इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या टाइल्सचीच. जाल तेव्हा जिन्यावर थोडं थांबा आणि कठड्याची लोखंडी जाळी आणि वरचं छत दोन्ही एकदम नजरेत येईल असं उभं राहा. डोकं वर करून बघताना मागच्याचा धक्का लागतो, लागू दे.

मधे पुन्हा बराच काळ दुरुस्तीसाठी बंद होतं आणि २०२५ ला परत उघडलं. लोक वैतागतात, की एवढा पुरस्कार मिळाला होता मग परत कशाला काढलं काम? अहो मुंबईचा पाऊस आहे तो. दीडशे वर्षांच्या इमारतीत चार महिने ओल मुरणार, छप्पर गळणार, लाकूड फुगणार, कागदावरच्या चित्रांना बुरशी येणार. आपल्या तीस वर्षांच्या सोसायटीला दर पाच वर्षांनी वॉटरप्रूफिंगसाठी मीटिंग घ्यावी लागते आणि त्यात भांडणं होतात ती वेगळीच. जुन्या वास्तूची दुरुस्ती एकदा करून विसरायची गोष्ट नाही, ती चालूच राहते, आणि वेळच्या वेळी बंद ठेवून केलेली परवडते.

आत काय आहे? खालच्या मजल्यावर मधोमध प्रिन्स अल्बर्टचा मोठा संगमरवरी पुतळा, डेव्हिड ससून या बड्या ज्यू व्यापाऱ्याने दिलेला. बाजूला कपाटांमध्ये बिदरीची भांडी, चांदी, हस्तिदंत, चंदनाचं कोरीवकाम वगैरे. हे सगळं सुंदर आहे पण असं इतर म्युझियममध्येही दिसतं, त्यामुळे मी त्यात फार रमत नाही. अपवाद जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये घडवलेल्या मातीच्या भांड्यांचा. अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी घेऊन केलेली ती भांडी आहेत, निळी-हिरवी-पिवळी, एकेकाळी विलायतेत जाऊन विकली जायची, आणि आज जेजेसमोरून रोज जाणाऱ्या लोकांना त्यांचा पत्ता नाही.

खरी मजा वरच्या मजल्यावर. तिथे मुंबईची गॅलरी आहे. सात बेटांचे जुने नकाशे, गलबतांची मॉडेल्स, पारशांच्या दखम्याचं, म्हणजे ते मृतदेह ठेवतात त्या जागेचं, मॉडेल (जिथे आपल्याला प्रत्यक्षात कधीच आत जाता येणार नाही ती जागा आतून कशी असते ते कळतं, मुलं इथे हमखास प्रश्न विचारतात, उत्तर तयार ठेवा) आणि मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या. कुठल्या जातीजमातीचा माणूस कसा कपडे करायचा, कुठला धंदा कसा चालायचा, खेड्यात काय चालायचं, सगळं मूर्तींमधून दाखवलंय. हे मूळ ब्रिटिशांच्या नजरेतून मांडलेलं आहे, ‘नेटिव्ह’ लोकांचे नमुने एका ओळीत लावून ठेवायचे अशी ती नजर, आणि ते मनात ठेवूनच बघायला हवं. पण गंमत अशी की घडवणारे हात इथलेच होते, त्यामुळे साडीचा ओचा आणि धोतराची घडी बरोबर जिथे पाहिजे तिथे पडलीय.

सासऱ्यांना आणि भाच्याला घेऊन गेलो होतो. सासरे गिरणीत होते, मूळ गाव देवगडकडे, म्युझियमला यायला तयारच नव्हते, “मला काय तिथे, तुम्ही फिरा, मी बाकावर बसतो” असं म्हणून निघालेले. वर पगड्यांचं कपाट आहे, नुसती डोकी, प्रत्येकावर वेगळी पगडी. तिथे जे थांबले ते हलेचनात. ही पुणेरी, ही पारशांची, ही भाटियांची, ही आमच्या गावच्या खोताकडे फोटोत होती तसली, असं भाच्याला सांगायला लागले. भाचा म्हणाला, “आजोबा, तुम्ही कुठली घालायचात?” तर म्हणाले, “आम्ही टोपी रे, पगडी बांधायला वेळ कुणाकडे होता, भोंगा झाला की पळायचं.” शेजारी उभं असलेलं एक गुजराती जोडपं पण ऐकत थांबलं आणि मग त्या काकांनी आपल्या पणजोबांच्या पगडीचा किस्सा सुरू केला. शेवटी पेंग्विन राहिले बाजूला आणि भाच्यानेच आजोबांना ओढत बाहेर काढलं.

कार्यक्रमांचं सांगायचं तर वर्षभर काही ना काही चालू असतं. मुलांसाठी मातीकाम, चित्रकला, कागदाच्या वस्तू अशी वर्कशॉप्स, शाळांच्या सहली, व्याख्यानं, फिल्म शो, मागच्या प्लाझामध्ये कधी गाणंबजावणं. शनिवार-रविवारी गाइडबरोबर फिरायची सोय असते आणि ती मराठीतूनही असते, वेळ मात्र आधी फोन करून किंवा त्यांचं सोशल मीडियाचं पेज बघून पक्की करा. मराठी टूरला माणसं कमी असतील असं समजू नका. इंग्रजी टूरमध्ये लोक शांतपणे माना डोलावतात, मराठीत मात्र प्रत्येकाला मधेच काहीतरी सांगायचं असतं, त्यामुळे ती लांबते पण जास्त मजा येते.

आणि एक चांगली गोष्ट म्हणजे आजच्या आर्टिस्टना बोलावून ‘या जुन्या वस्तूंच्या मधे तुम्ही तुमचं काम मांडा’ असं हे लोक बरीच वर्षं करतायत. सुदर्शन शेट्टी, अतुल दोडिया अशी मोठी नावं येऊन गेलीत. २०११ ला जितीश कल्लटने बांबूच्या परांचीसारखं दिसणारं काम केलं होतं, इमारतीला दुरुस्तीच्या वेळी बांबू बांधतात ना तसं, पण खऱ्या बांबूचं नाही, साच्यात ओतून केलेलं. ज्या वास्तूने एवढी मोठी दुरुस्ती बघितली तिथे हे मांडायचं, कल्पना एकदम फिट. गिरण्यांवरचं, कापडाच्या धंद्यावरचं प्रदर्शनही इथे झालंय. सगळीच प्रदर्शनं मला कळतात असं नाही, काही वेळा बाजूचा मजकूर वाचून डोकं अजूनच भंजाळतं, पण भायखळ्यात, नाममात्र तिकिटात, हे बघायला मिळतं हे काही थोडं नाही. काळा घोड्याच्या गॅलऱ्यांमध्ये काचेचा दरवाजा ढकलून आत जायला आपल्यासारख्यांना उगाच संकोच वाटतो, इथे तसं होत नाही.

काळा घोडा म्हटलं तर तो खरा काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, १९६५ ला तिथून हलवून राणीबागेतच आणलाय. म्युझियमच्या बाहेरचा भाग अजिबात चुकवू नका. दगडी हत्ती आहे, घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं तोच हा. इंग्रजांना तो १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा होता, उचलताना क्रेनची साखळी तुटली, हत्ती पडून तुकडे झाले, आणि मग १९१४ ला ते जोडून इथे उभा केला. साखळी तुटली म्हणून आपल्याकडे राहिला नाहीतर आज तिकडचं तिकीट काढून बघावा लागला असता! मागच्या बाजूला जुने गव्हर्नर वगैरे लोकांचे पुतळे मांडलेत, त्यात राणी व्हिक्टोरियाही आहे, नाक तुटलेली. चापेकर बंधूंनी १८९६ मध्ये जिला डांबर फासलं होतं ती हीच. आख्ख्या शहरातून हटवलेले साहेब एका अंगणात जमा झालेत आणि पोरं त्यांच्या पायाशी बसून वेफर्स खातायत, हा सीन मला फार आवडतो.

म्युझियमला पूर्ण पाच स्टार देत नाही, अर्धा कापलाय, त्याचं कारण सांगतो. संग्रह मुख्यतः एकोणिसाव्या शतकातला आणि विसाव्याच्या सुरुवातीचा आहे, त्यामुळे शहर तिथेच थांबल्यासारखं वाटतं. बाहेर पडलं की लालबाग-परळ-चिंचपोकळी हाकेच्या अंतरावर, पण चाळ, गिरणीचा संप, खानावळी, गणपती मंडळं, कामगार रंगभूमी यांना कायमची अशी मोठी जागा आत नाही. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत टेक्स्टाइल म्युझियमचं काम पालिकेने काढलंय, ते पूर्ण होऊन नीट चाललं तर ठीक, पण या म्युझियमनेही आसपासच्या जुन्या माणसांना बोलावून, त्यांच्याकडचे फोटो, हजेरीची कार्डं, पासबुकं मागून एखादी खोली करावी. लोक देतील. आमच्या घरी सासऱ्यांचं गिरणीतलं ओळखपत्र कपाटात पडून आहे, ते त्यांनी परत येताना टॅक्सीतच देऊन टाकायची तयारी दाखवली.

जायचं कसं: भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा, चालत दहा मिनिटं. स्टेशनकडे पण जरा बघून घ्या, १८५३ च्या पहिल्या गाडीच्या मार्गावरचं हे स्टेशन, त्याची जुनी इमारत मस्त दुरुस्त केलीय आणि २०२२ ला तिलाही युनेस्कोचं अवॉर्ड मिळालं. गाडी आणू नका, पार्किंगच्या भानगडीत निम्मा दिवस जाईल. रविवार आणि मे महिन्याची सुट्टी टाळा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर आधी म्युझियम आणि मग बाग असा क्रम ठेवा, उलट केलंत तर जिना चढेपर्यंत त्यांचे पाय बोलायला लागतात. आणि लहान मुलांना सांगून ठेवा की पेंग्विन कुठे पळून जात नाहीत.