बेअरबेरी की लिंगनबेरी? फळ नंतर बघा, आधी पान उलटं करा

बेअरबेरी आणि लिंगनबेरी ही थंड प्रदेशातली दोन बुटकी झुडपं. दोन्ही हीथ कुळातली (ब्लूबेरीही याच कुळातली), दोन्ही बारा महिने हिरवी, जाडसर चकचकीत पानं, मण्यांएवढी लाल फळं, त्यात स्कॉटलंडचे माळ असोत नाहीतर स्वीडनची पाइनची जंगलं, दोन्ही एकमेकांशेजारी वाढतात. मग गोंधळ होणारच. बहुतेक जण फळाच्या रंगावर जातात आणि तिथंच चुकतात.

एक पान तोडा, एकच पुरतं, फांदी ओरबाडायची गरज नाही, आणि उलटं करा. फिकट पाठीवर बारीक काळपट ठिपके, पेनाचं टोक टेकवल्यासारखे, दिसले आणि पानाची कड खाली दुमडलेली बोटाला लागली की ती लिंगनबेरी. बेअरबेरीला ठिपके नसतात, कड सपाट, मागं शिरांची जाळी, आणि पान टोकाकडं रुंद, चमच्यासारखं. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते कारण पानं वर्षभर असतात, फळं नसतात.

मग वाढ बघा. बेअरबेरी चटईसारखी जमिनीला चिकटून सरपटते, खडकावरून खाली लोंबते, जुन्या फांद्यांची साल सुटते. लिंगनबेरीचे दांडे जमिनीखालून वर येऊन उभे राहतात, साधारण 10 ते 30 सेंमी. जागेवरून अंदाज येतो, कोरडी वाळूची उन्हाची जागा बेअरबेरीला आवडते, पण नुसत्या जागेवर ठरवू नका.

फुलं असतील तर बेअरबेरीचं फूल मडक्यासारखं, तोंड आवळलेलं, लिंगनबेरीचं उघडी घंटा.

आता फळ. मी दोन्ही तळहातावर ठेवून बघितली, रंग जवळपास तोच, पण लिंगनबेरीच्या टोकाला डाळिंबासारखा छोटासा मुकुट होता, बेअरबेरीचं टोक गुळगुळीत. फोडल्यावर तर शंकाच उरत नाही, लिंगनबेरी रसाळ, आंबट, बारीक बियांची, आणि बेअरबेरी आत कोरडी पिठूळ, मोजक्या कडक बियांची. स्वीडिश भाषेत तिचं नावच पिठावरून पडलंय, आणि शास्त्रीय नावात ग्रीक आणि लॅटिन दोन्हीत ‘अस्वलाची द्राक्षं’ असंच म्हटलंय.

जॅमसाठी गोळा करत असाल तर लिंगनबेरीच घ्या. बेअरबेरी विषारी नाही पण चवीला फिकी, टोपलीत मिसळली तर सगळा जॅम पिठूळ लागेल. आणि यातली एकही खूण जुळत नसेल तर ते तिसरंच काहीतरी आहे, तोंडात घालू नका.